काडेपेटीएवढा टीव्ही

बातम्यांच्या वेळी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक बाई हातवारे करत उभी असते ना, ती मी. अकरा वर्षं उभी होते. हातवारे लोक म्हणतात. ती खुणांची भाषा आहे, आणि नोकरीसाठी नव्हे, आईशी बोलता यावं म्हणून मी ती शिकले. आईला जन्मापासून ऐकू येत नाही.

काल दुपारी बाराचं बातमीपत्र माझं शेवटचं. दोनच्या बातम्यांपासून माझ्या जागी संगणकाची बाहुली. तिला पगार नको, रजा नको, सर्दी होत नाही. साहेब म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका." घ्या! मग कुठे लावून घेऊ?

घरातला मोठा टीव्ही गेल्या वर्षी बिघडला. धाकटा भाऊ म्हणाला, "नवा कशाला? माझ्या मॉनिटरवर लावू." लावला की. पडदाभर त्याच्या गेममधली लढाई आणि वरच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढा टीव्ही. पस्तिशीचा घोडा झालाय, ऑफिसचं काम घरून करतो म्हणे, पण बंदूक काही खाली ठेवत नाही. आई त्याच्यामागे स्टुलावर डोळे बारीक करून बसते. त्याला आईच्या भाषेतल्या तीनच खुणा येतात: चहा, जेवण आणि थांब.

काल सकाळी निघताना मी त्याला बजावलं, "आज बाराला अर्धा तास खेळ बंद. टीव्ही पूर्ण पडद्यावर. आईला मी नीट दिसले पाहिजे."

"हो गं ताई, किती वेळा सांगशील?"

आईलाही हातांनी सांगितलं, शेवटपर्यंत बघ, जागची हलू नकोस.

लहानपणी भूक लागली की मी दोन बोटं हनुवटीवर आपटून गाल फुगवायचे. कुठल्याही पुस्तकात नसलेली, आम्हा दोघींचीच खूण. काल बातम्या संपताना, नमस्काराच्या जागी मी ती केली. अकरा वर्षांत नियमाबाहेर एक बोट हललं नव्हतं माझं. स्टुडिओत कोणाला काही कळलं नाही. कळणार कसं, एकाच बाईसाठी होती ती! घरी येईपर्यंत एकच विचार. आई हसली असेल, की रडली असेल?

दार उघडलं तर लढाई जोरात. कोपऱ्यात दोनच्या बातम्या, आणि त्या काडेपेटीच्याही कोपऱ्यात बाहुली, करंगळीच्या नखाएवढी. काहीतरी हलतंय एवढंच कळत होतं, बोटं शोधून सापडेनात. माझं पोट या भाषेवर चाललं, आणि मलाच एक शब्द लागेना.

"बाराला मोठा केला होतास?"

"लावलेला होता की गं पूर्ण वेळ. टीमला मधेच सोडून कसं उठणार? आई बघत होती ना! विचार तिला."

डोक्यात तिडीक गेली. आईला विचारलं. तिने एकदा त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि भराभर हात चालवले: सगळं दिसलं, अगदी स्पष्ट, फार छान केलंस, शेवटपर्यंत पाहिलं. पोराला पाठीशी घालायची तिची सवय जुनीच. तरी मी म्हटलं, असेलही. उठून पडद्याजवळ गेली असेल. मला ते खरं असायला हवं होतं.

म्हणून मी तिच्यासमोर बसले, दोन बोटं हनुवटीवर आपटली आणि गाल फुगवले.

आईचा चेहरा फुलला. हसत सुटली. माझे फुगलेले गाल तिने दोन्ही हातांनी दाबले आणि घाईघाईने बोटं नाचवली, "अगं बाई! किती वर्षांनी केलीस ही! मला वाटलं, विसरूनच गेलीस."

आणि माझं ताट वाढायला उठली. तेवढ्यात धाकट्याने मान न वळवता एक हात वर केला आणि त्याच्या तीन खुणांमधली एक केली. जेवण.

ती मात्र आईला दारातूनही दिसली.