दवण्यातलं नवं द्रव्य

डॉ. श्यामसुंदर आगाशे यांच्या नाकाचा कॉलेजात दरारा होता. सुगंधी वनस्पतींच्या तेलात काय काय दडलेलं असतं ते शोधण्यात त्यांची उभी हयात गेली होती, आणि यंत्र सांगायच्या आधी आगाशेसर सांगतात अशी त्यांची ख्याती होती. अत्तर, पावडर, गजरा, यांतलं काहीही लावून प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्याला ते दारातूनच पिटाळत. त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी तनया एकदा खोबरेल तेलापायी घरी जाऊन न्हाऊन आली होती.

हे नाक तीन वर्षांपूर्वी एका तापात गेलं होतं. साफ गेलं होतं. सरांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. वास न येणाऱ्या माणसाला सुगंधी तेलांच्या कामावर कोण ठेवील, आणि ठेवलंच तर मागून किती हसतील, या धास्तीने त्यांनी तोंड उघडलंच नाही. कुणी बाटली पुढे केली की ते डोळे मिटून हुंगत, मग हळूच एक डोळा उघडून समोरच्याचा चेहरा बघत आणि म्हणत, "जरा कापराकडे झुकतंय." समोरचा मान डोलवायचा. जगातलं बरंच काही कापराकडे झुकतं, हा खरं तर त्यांचा सगळ्यात मोठा शोध होता.

त्या चैत्रात लोणी काळभोरहून दवण्याच्या जुड्या आल्या. पाला खुडायचं काम सर स्वतः करत, तेही उघड्या हातांनी. हातमोज्यांतलं रसायन तेलात उतरतं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्यही होतं. पाल्याला वाफ दिली, तेल निघालं, तेलातले घटक वेगवेगळे करणाऱ्या यंत्रात ते घातलं. आलेखावर एकेका घटकाचा एकेक सुळका उमटला. दवण्याचे नेहमीचे सुळके होतेच. पण त्यांच्या शेजारी तीन आगंतुक उभे होते: मेंथॉल, कापूर आणि मिथाइल सॅलिसिलेट.

दवण्यात हे त्रिकूट कुणालाच कधी सापडलं नव्हतं. सर हरखून गेले. त्यांनी त्याचं श्रेय लोणीच्या मातीला दिलं, मग पाण्याला दिलं, आणि शुक्रवारी व्याख्यान जाहीर करून टाकलं. वनस्पतिशास्त्राचे अनिरुद्ध लेले जिन्यात भेटले, त्यांनाही सांगितलं.

"वा," लेले म्हणाले. "आता मंडईतल्या कोथिंबिरीतून केशर काढा."

शुक्रवारी सकाळी तनया दुसरा आलेख घेऊन सरांच्या खोलीत आली. खात्री करावी म्हणून त्याच जुड्यांचा उरलेला पाला या वेळी तिने स्वतः खुडला होता.

"सर, ते तिन्ही गायब आहेत."

सरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले. मेंथॉल, कापूर, मिथाइल सॅलिसिलेट. आठवडाभर ज्याला ते मातीचा गुण म्हणत होते, ते आता त्यांनी पहिल्यांदाच नीट वाचलं.

"अगं, हा तर बाम आहे!" ते कडाडले. "कोण आलं होतं आत? माझ्या नाकावर टिच्चून कुणी बाम चोळून आत शिरतो म्हणजे काय!"

तनया फरशीकडे बघत राहिली. "सर, वास आत्तासुद्धा येतोय."

"कुठून?"

तिने संकोचून त्यांच्या उजव्या गुडघ्याकडे बोट केलं. "आणि हातांना पण. रोजच येतो. आम्हाला वाटलं, नियम फक्त स्टुडंट्सना आहे."

सरांनी आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. रोज सकाळी याच खोलीत दार लावून ते गुडघ्याला बाम चोळत आणि हात नळाखाली धरत. नुसत्या पाण्याने बाम निघत नाही हे शाळकरी पोरालाही कळतं. पण वासच येत नसेल तर हाताला काही राहिलंय हे कळणार कसं?

"सर, सँपल खराब झालं म्हणून सांगू या," तनया म्हणाली. "हवं तर माझ्यावर ढकला. मला चालेल."

हे ऐकून मात्र सरांना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी आधी तिला सगळं सांगितलं, आणि दुपारी भरल्या सभागृहात, घसा खाकरत, सगळ्यांना सांगितलं.

"म्हणजे तेल दवण्याचं," लेले पहिल्या रांगेतून म्हणाले, "आणि अर्क आगाश्यांच्या गुडघ्याचा."

सभागृह खदखदून हसलं. तीन वर्षं ज्या हसण्याची धास्ती घेतली होती ते हेच, आणि त्यात आपणही सामील आहोत, याचं सरांना फार नवल वाटलं. हलकं हलकं वाटत ते शनिवार पेठेतल्या घरी आले.

घरी त्यांच्या पत्नीला, वासंतीबाईंना, लेल्यांच्या बायकोचा फोन येऊन गेला होता. पान वाढून त्या समोर बसल्या.

"तीन वर्षं?"

"हो."

"आणि आमटी? रोज झकास म्हणत होतात ती?"

या प्रश्नाची सरांनी तयारी केली नव्हती. "गरम आहे हे कळायचं. आंबट, खारट कळायचं. बाकी काही नाही."

"मग झकास कशाला म्हणायचात?"

"तू विचारून तिथेच उभी राहायचीस."

वासंतीबाई ताडकन उठून स्वयंपाकघरात गेल्या. आतून खलबत्ता दणादणा वाजू लागला. हा राग आपल्यावरच निघतोय असं समजून सर मुकाट्याने भात कालवत राहिले. मग बाई बाहेर आल्या आणि त्यांनी पानात मिरचीचा ठेचा वाढला.

"तिखट कळतं?"

"कळतं. ते नाकाचं काम नव्हे."

"मग खा."

सरांनी खाल्लं. कान तापले, डोळे भरून आले, आणि ते बिनकामाचं नाकही वाहू लागलं.

"आता सांगा कसा झालाय. आणि खरं सांगा."

"अगं, जहाल झालाय! पाणी दे आधी!"

वासंतीबाईंनी पाणी दिलं, आणि समाधानाने आणखी थोडा ठेचा वाढला.