जावयाचा फोन

पिवळी-काळी पिसं, मध्ये लाल दोऱ्याचे घट्ट वेढे, आणि त्या सगळ्या नटण्यामुरडण्याच्या आत लपलेला गळ… अर्ध्या करंगळीएवढी ती खोटी माशी श्यामलाच्या तळहातावर ठेवून नावाडी डंकन काहीतरी समजावून सांगत होता आणि तिला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं, कारण कानात अजून सकाळचा आईचा आवाज होता. मी नाय येत बाय. तिकीट रद्द कर.

होडी सुटली होती. स्कॉटलंडमधली ही टे नदी इथे चांगलीच रुंद, वरून संथ आणि खालून ओढणारी. डंकन वल्ही प्रवाहाच्या उलट धरून होडी हळूहळू खाली सोडत होता आणि समोर, तिच्याकडे पाठ करून, अनेक खिशांचं नवंकोरं जॅकेट घालून सुयश बसला होता. इंग्लंडातल्या रीडिंगहून एवढा प्रवास करून यायचं हे त्याच्याच डोक्यातलं – तो आणि ती एका होडीत, त्याच्या ऑफिसातला प्रणव आणि प्रणवची बायको ऋजुता दुसऱ्या होडीत. सुयशची मान मागून अगदी शहाण्या मुलासारखी दिसत होती, नीट कापलेले केस, सनस्क्रीनचा पांढरा पट्टा… या मानेचा आपल्याला इतका राग येऊ शकतो हे तिला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

सकाळी हा खाली ब्रेकफास्टला गेला आणि आईचा फोन आला. मागे बाजार चालू होता, कुणीतरी सुरमईचा भाव विचारत होतं. आई म्हणाली, ‘‘जावईबापूंचा फोन आलेला. बोलले, तिथं कोणी विचारलं तर रिटायर झाले म्हणून सांगा. धंद्याचं नको काढायला.’’

‘‘मग तू काय म्हणालीस?’’

‘‘मी ‘बरं’ बोलले.’’ मग सुरमईवाल्या गिऱ्हाइकाला आकडा सांगून झाला, आणि त्याच आवाजात, ‘‘मी नाय येत बाय. तिकीट रद्द कर.’’ फोन ठेवलासुद्धा.

बिचारी. श्यामलाच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, बिचारी लाजली. पासपोर्ट काढला, व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले, लेकीचं घर बघायचं म्हणून वर्सोव्याच्या सगळ्या गल्लीला सांगून झालं, आणि आता या वयात जावयानं तिला तिची लाज वाटायला लावली. आणि मी? मी खाली जाऊन त्याच्यासमोर टोस्ट खाल्ला. कारण प्रणव-ऋजुता टेबलावर होते, आणि चारचौघांत बोलायचं नाही हे सासरी शिकलेलं… की बोलायला सुरुवात केली तर कुठे थांबेन ते माहीत नाही म्हणून?

‘‘श्यामला, तुला काय नवीन गं हे!’’ प्रणव त्याच्या होडीतून ओरडला. ‘‘तुमचे ट्रॉलर होते ना?’’

सुयश हसला. मागे वळलासुद्धा नाही, नुसता हसला. ट्रॉलर! तिच्या बापाची एक होडी होती, तीही चुलत्याबरोबर भागीत, आणि त्या होडीत श्यामलानं जन्मात पाय ठेवलेला नव्हता. त्यांच्या घरात बाई होडीत चढत नसे. समुद्र पुरुषांचा, आणि मासळी किनाऱ्याला लागली की पुढचं सगळं बायकांचं – भाव, गिऱ्हाईक, हिशेब, भांडणं, घर. पण कोथरूडला लग्नानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला सासूबाईंनी ओळख करून दिली, सुनेच्या माहेरी सीफूडचा बिझनेस आहे, आणि तेव्हापासून तो तसाच आहे. मासळीला वास येतो, सीफूडला येत नाही. पुढे कुणीतरी त्याला एक्स्पोर्ट जोडलं, कुणीतरी ट्रॉलर. सुयशनं कधी खोटं सांगितलं नाही. त्यानं फक्त खरं सांगितलं नाही. घरच्यांशी भांडून लग्न केलं होतं ना त्यानं… तेवढ्या एका पराक्रमावर माणूस किती वर्षं जेवतो!

पुढे दोरी ताणली. सुयशची काठी वाकली, डंकननं होडी काठाशी घेतली, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर जाळीत एक सॅमन आला, रुपेरी, जड, तोंडाच्या कडेला ती पिसांची माशी अडकलेला. सुयशनं हात ओले केले, मासा पाण्यावर जरासा उचलला, ‘‘श्यामला, फोटो! क्विक, क्विक!’’ तिनं काढला. मग गळ सोडवून, दोन्ही हातांनी आधार देऊन त्यानं मासा परत पाण्यात सोडला आणि असा चेहरा केला की जणू त्याला जन्मच दिला.

आईच्या पाटीशी एखादी बाई यायची, पापलेटचे कल्ले उघडून बघायची, पोट दाबायची, उलटंपालटं करायची आणि निघून जायची. आई तिला पाठमोरी गाठायची – घ्यायचा नाय तर हात कशाला लावला गं? अख्खा बाजार हसायचा, आणि श्यामला, शाळेच्या गणवेशात, पाटीमागे बसून मान खाली घालायची.

दुपारी दोन्ही होड्या दगडगोट्यांच्या काठाला लागल्या. ऋजुतानं सँडविचबरोबर तिखटमिठाच्या पुऱ्याही आणल्या होत्या. तिनं विचारलं ते अगदी सहज. ‘‘तुझ्या आई नेक्स्ट मंथ येतायत ना? म्हणजे गणपतीत असतील. काय करतात गं त्या?’’

‘‘रिटायर्ड आहेत आता,’’ सुयश म्हणाला.

‘‘आई मासे विकते,’’ श्यामला म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा फारच मोठ्यानं. ‘‘बिझनेस नाही, एक्स्पोर्ट नाही. भाऊच्या धक्क्यावरून पहाटे माल आणते आणि बाजारात पाटी मांडून बसते. आजपण बसलीय. आम्ही कोळी आहोत.’’

झालं. तिनं सुयशकडे बघितलं. आता काय कोसळायचं ते कोसळू दे.

‘‘ओ माय गॉड,’’ ऋजुताचे डोळे भरून आले होते, खरोखर भरून आले होते. ‘‘हाउ इन्स्पायरिंग! आणि तू कधी बोलली नाहीस? अगं, आपल्या मराठी मंडळात आपण त्यांचा टॉक ठेवू. त्या कोळी साडीत येतील ना? पाटीबिटी अरेंज करता येईल. इथल्या मुलांना कुठे गं हे बघायला मिळतं!’’

‘‘आणि तिसऱ्यांचं कालवण,’’ प्रणव म्हणाला. ‘‘ते आधी!’’

सुयशनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा चेहरा उजळला होता, परीक्षा संपल्यासारखा. ‘‘बघ. उगाच टेन्शन घेत होतो आपण.’’

आपण.

‘‘तू आईला फोन केलास,’’ ती हळू म्हणाली.

‘‘अगं, त्यांनाच ऑकवर्ड व्हायला नको म्हणून.’’ आणि त्यानं पुरी घेतली.

काहीच कोसळलं नाही. ज्यासाठी पंधरा वर्षं तोंड मिटून ठेवलं ते या लोकांनी पुरीबरोबर खाल्लं, वर छान म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. या कौतुकाशी कसं भांडायचं? ते चांगलेच आहेत. सुयशही चांगलाच आहे. चांगल्या माणसांनी मिळून आईला आधी झाकायचं ठरवलं, आता मांडायचं ठरवतायत, आणि दोन्ही वेळा तिला विचारायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

होडी पुन्हा प्रवाहात आली. आईला फोन करायचा, काहीही करून तिचं मन वळवायचं, असं सकाळपासून घोकलेलं होतं. आता ती ते वाक्य मनात जुळवायला लागली – आई, लाजू नकोस गं, मी सगळ्यांना सांगून टाकलंय – आणि ते तिथेच अडलं. लाजू नकोस? कोण लाजलं होतं? पुरा बाजार अंगावर घेणारी ती बाई. तिचा आवाज सकाळी कापला नव्हता, तिनं रडं गिळलं नव्हतं. गिऱ्हाइकाला भाव सांगतात तसं तिनं सांगितलं होतं, एकदाच, कमी-जास्त न करता. मला ते दुखावणं वाटलं, कारण सुयशच्या घरात राहून राहून मलाही बाई म्हटली की दुखावलेलीच दिसते.

आई लाजली नव्हती. आईला राग आला होता. आणि तो एकट्या जावयावरच होता, पंधरा वर्षं गप्प राहिलेल्या लेकीवर नव्हता, असं कोण म्हणालं?