पुसलेला तीळ

२०१३ साली भाचीने स्टुडिओत टॅब्लेट आणला आणि ताईंच्या कपाळाला आठी पडली. भावाच्या या स्टुडिओत त्यांनी चाळीस वर्षे निगेटिव्ह दुरुस्त केल्या होत्या. खिडकीजवळचे तिरके मेज, भिंग आणि सुईसारखे टोक काढलेली पेन्सिल. मुरुमाचा डाग असो की डोळ्यांखालचे काळे, ठिपक्या-ठिपक्याने भरून काढायचे, की छापलेल्या फोटोत चेहरा लोण्यासारखा. भाऊ गेला, फिल्म गेली. मेजावर आता भाचीच्या बॅटऱ्या चार्ज होत.

"आत्या, तू फक्त यात बघत बस," भाची म्हणाली. "मी कॅमेऱ्याने फोटो काढला की तो लगेच इथे उमटेल. डोळे मिटलेत का, केस उडालेत का, सांगायचं. दोन बोटं अशी फाकवलीस की मोठा होतो. डागही इथेच बोटाने पुसता येतो."

"म्हणजे माझं भिंगही आता कामातून गेलं म्हण की!"

पहिले गिऱ्हाईक घरचेच होते, ताईंची धाकटी बहीण. दहा दिवसांनी ती वर्षभरासाठी मुलाकडे परदेशी निघाली होती. जाण्याआधी तिला झकास फोटो हवा होता. गावात वर्षा-दोन वर्षांनी येणारी, आली की घर डोक्यावर घेणारी.

"आणि ताई, माझा तीळ तेवढा..." खुर्चीवर बसता बसता ती म्हणाली.

"काढते बाई. जन्मभर तेच करतेय."

भाचीने बाजूचा दिवा सरकवला, धाकटीचे गालावर ओढलेले केस मागे सारले आणि फोटो काढला. तो टॅब्लेटवर उमटला. ताईंनी सवयीने आधी तीळ गाठला आणि दोन बोटे फाकवली.

बोटे तशीच राहिली. कानापुढचा तो मोहरीएवढा तीळ त्यांना तोंडपाठ होता. समोर होता तो टीपकागदावर सांडलेल्या शाईसारखा पसरलेला, कडा फाटलेल्या, अर्धा काळा, अर्धा तांबूस. केसांखाली आणि पावडरीखाली तो कोणाला दिसलाच नव्हता. ताईंनी टॅब्लेट खाली ठेवला.

"हा केवढा झालाय गं? चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे."

"आल्या मोठ्या डॉक्टरीणबाई! जन्मापासून आहे, तेवढाच आहे."

"तेवढाच नाही."

"कशावरून? मला दहा दिवसांत विमान गाठायचंय. तपासण्यांच्या फेऱ्यात अडकले की बसले मी इथेच. दाखव की जुना फोटो, मोजून बघू!"

भाचीने धावत जाऊन अल्बम आणला. धाकटी लग्नात. धाकटी तान्ह्या मुलाला घेऊन. धाकटी पन्नाशीची. तिन्ही फोटोंत गाल कसा आरशासारखा. तीळ कुठेच नाही.

ताईंनी फोटोतल्या गुळगुळीत गालावरून बोट फिरवले. बहिणीचा जीव वाचवणारा पुरावा होता, आणि तो त्यांनीच, जीव ओतून, नाहीसा केला होता.

"बघ! नाहीच की तीळ!" धाकटी हसली. पण ताईंचा चेहरा बघून तिचे हसू ओसरले.

मग ताई एकदम उठल्या. पेन्सिल वरवरची असते. खाली फिल्मवर सगळे असते! भावाने सालवार लावलेल्या पाकिटांतून त्यांनी तिन्ही निगेटिव्ह काढल्या आणि टर्पेंटाइनमध्ये कापसाचा बोळा बुडवला.

"आत्या, तुझी कारागिरी पुसली जाईल गं!"

"जाऊ दे मसणात!"

बोळा बरोबर जागेवरच फिरला. भाचीने टॅब्लेटचा पडदा पांढराशुभ्र केला, वर ट्रेसिंग पेपर आणि निगेटिव्ह ठेवली आणि कॅमेऱ्याने त्या निगेटिव्हचा फोटो घेतला. तिन्हींचे असेच केले. मग काळ्याचे पांढरे करून जुने तीन गाल आणि आजचा चौथा, असे टॅब्लेटवर ओळीने मांडले.

मोहरी. मोहरी. मोहरी. आणि मग ते.

धाकटीचा हात गालाकडे गेला आणि मध्येच थांबला. "ताई... हा माझा आहे?"

भाचीने होकाराची मान हलवली. धाकटी खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "माझी पर्स कुठाय गं?"

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात तीळ कापून काढला. तो वाईटच होता, कॅन्सरचा, पण खोल गेलेला नव्हता. "वर्षभराने आला असता तर..." एवढेच म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

धाकटी पाच महिने उशिरा विमानात बसली, कानापुढे टाक्यांचा व्रण आणि केस मागे घट्ट बांधलेले. ती अजून आहे, आणि अजून घर डोक्यावर घेते. ताईंनी नंतर कुणाच्याही चेहऱ्यावरचा ठिपका काढला नाही. गिऱ्हाइके कुरकुरली तरी नाही. आठ वर्षांनी त्या झोपेतच गेल्या. स्टुडिओ भाची चालवते. तीळ काढायला कोणी सांगितले, तर ती आधी विचारते, "कधीपासून आहे?" आणि न पुसलेली एक प्रत जपून ठेवते. त्या टॅब्लेटचा कोपरा फुटलाय, त्यात आता काही उघडत नाही. पण पडदा पांढरा उजळतो, आणि भाची त्यावर जुन्या निगेटिव्ह ठेवून बघते.