सहावा खिळा

घोड्याच्या खुराला खिळा ठोकताना हातापेक्षा कान जास्त लागतो, हे मी माझ्या सुनेला शिकवलं. मुलाला नाही. माझा मुलगा चष्म्याच्या दुकानात काम करतो आणि घोडा फुरफुरला तरी दोन पावलं मागं सरतो. त्याचा बाप नालबंद, आजा नालबंद, आणि ह्याच्या वाट्याला काय आलं, तर नाक. घोड्याच्या केसानं ह्याला अशा शिंका येतात की घोडाच बिचकतो. त्यात त्याचा दोष नाही. पण म्हणून त्याच्या बायकोनंही ऐरणीला हात लावू नये, हे मी ऐकून घेणारी नव्हते.

लोक म्हणतात, आमच्या घरी माझ्या नवऱ्यानं चाळीस वर्षं नालबंदी केली. त्यातली शेवटची बावीस मी केली. त्याची कंबर गेली होती. खाली वाकला की वर काढायला दोन माणसं लागायची. मग तो घोड्याच्या तोंडाशी उभा राहून गाडीवाल्यांशी गप्पा मारायचा आणि मी खाली वाकून खूर मांडीत धरायची. जाताना गाडीवाले त्याला म्हणायचे, "नाल झकास बसलीय हं." तो म्हणायचा, "बसणारच." मी मागं कानस पुसत असायची.

तो गेल्यावर हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली. सून घरात येऊन पंधरा दिवस झाले असतील, केर काढताना तिचा झाडू पेटीला लागला. तिनं ती बाहेर ओढली, उघडली आणि मला म्हणाली, "आई, ह्या कानशीला गंज का चढू दिलात?"

दुसरी कोणी असती तर पेटी भंगारात घालू का म्हणून विचारलं असतं. मी त्याच दिवशी तिला बाजारात घेऊन गेले, तिथं एका भाजीवाल्याचं म्हातारं घोडं उभं असतं. म्हटलं, उचल पाय. तिनं पाय ओढला. घोड्यानं तिला कोबीच्या पाट्यांवर बसवलं. ती उठली, पदर झाडला आणि म्हणाली, "आता सांगा, कसा उचलायचा." तेव्हाच मला कळलं की हिच्यावर वेळ घालवायला हरकत नाही.

चार वर्षं शिकली. बाजारातल्या गाड्यांची घोडी, विटा वाहणारी तट्टं, एका डॉक्टरीणबाईंचा लाडावलेला पांढरा घोडा. मग टेकडीवरच्या मोठ्या तबेल्यात दुसऱ्या नालबंदाची जागा निघाली. चाळीस घोडे, बारमाही काम, आणि मुख्य म्हणजे कागदावर नाव. तिनं अर्ज केला. मुलगा जेवता जेवता म्हणाला, "आणि लाथ बसली तर?"

"तर तू आहेसच की," मी म्हटलं, "चष्मा लावून दे, पुढची लाथ नीट दिसेल."

तो हसला नाही. सून ताटात बघून हसली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आम्ही तिघंही गेलो. मुलगा फाटकाबाहेरच थांबला, नाकाला रुमाल लावून. आत अंगण दगडी, कडेनं रेती, आणि ती इतकी झाडलेली की चालायला संकोच वाटावा. तबेल्याच्या मालकीणबाई माझ्याच वयाच्या, गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या. शेजारी जनावरांचे डॉक्टर, आणि मधोमध तिथले मोठे नालबंद. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मिश्या अशा की त्यांना वेगळी खुर्ची द्यावी.

उस्तादांनी सुनेकडं पाहिलं, मग तिच्या हातातल्या पेटीकडं, मग माझ्याकडं. "आजी, नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असतं."

"माझे गुडघे दुखतात," मी म्हटलं आणि पाण्याच्या हौदाच्या कट्ट्यावर बसले.

उस्तादांनी नियम सांगितले. एक घोडी, चारही पायांना नाल. तीन दिवसांनी तिला दगडी अंगणात दुडक्या चालीनं पळवायची. लंगडली, तर नालबंद घरी. "आणि काम चालू असताना जिवंताला खिळा लागला," ते म्हणाले, "तर तीन दिवस थांबायचीही गरज नाही. तिथंच पेटी भरायची. तीस वर्षांत माझ्या हातून एकाही घोड्याला खिळा लागलेला नाही, आणि माझ्या हाताखाली लागलेला चालत नाही."

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खुराची बाहेरची कड आपल्या नखासारखी असते, तिला दुखणं नाही. आत मात्र जिवंत मांस. खिळा त्या कडेतून तिरपा वर न्यायचा आणि बाहेर काढायचा. कडेची जाडी म्हणाल तर करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढी. खिळा कडेत असेल तर हातोडी टण्ण बोलते. आत वळला की आवाज भद्द येतो. घोडं प्रत्येक वेळी उडतंच असं नाही. कधी नुसता कान हलवतं आणि तिसऱ्या दिवशी पाय टेकत नाही.

उस्तादांचं तीस वर्षांचं ऐकून मी मान हलवली, कारण घरात मीही तेच सांगत आले होते. बावीस वर्षांत एकही नाही. सुनेलाही तेच सांगितलं होतं.

त्यांनी बाहेर आणली ती तपकिरी घोडी. तिला सगळे महाराणी म्हणत. मागचा पाय कोणाला देत नसे. उस्तादांनी दोरी पुढं केली, घोडीच्या ओठाला पीळ घालायला. वेदनेनं जनावर गप्प उभं राहतं. सुनेनं दोरी घेतली आणि खिळ्यांच्या डब्याखाली ठेवून दिली.

मग ती घोडीच्या मांडीला खांदा लावून नुसती उभी राहिली. काही करेना. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. उस्ताद म्हणाले, "झोप लागली का?"

"तिची वाट बघतेय," सून म्हणाली. "तिलाही कंटाळा येईल की."

येतोच. घोडं एका बाजूला वजन टाकतं, आणि दुसरा पाय आपोआप हलका होतो. तेवढ्यात तो हातात घ्यायचा, मागून घ्यायचा नाही. महाराणीनं वजन टाकलं, पाय सुनेच्या मांडीत आला. मालकीणबाई एक पाऊल पुढं आल्या.

तीन पाय झाले. प्रत्येक खिळ्याला टण्ण, टण्ण, टण्ण. मी कट्ट्यावर बसून बोटानं ताल धरला होता. चौथा पाय, पाच खिळे बसले. सहाव्याला पहिला ठोका नीट, दुसरा नीट. तिसरा भद्द.

मी वीस पावलांवर होते, तरी माझ्या दाढेत कळ आली. घोडीनं एक कान हलवला, बस. मालकीणबाईंना कळलं नाही. डॉक्टर दुसरीकडं बघत होते. उस्तादांची मिशी मात्र हलली.

खरं सांगते, मी मनात म्हटलं, पुढं चल. सातवा घाल, कड घास, काळा रंग फिरव. तीन दिवसांत कदाचित काही होणारही नाही. झालं तर दगड लागला म्हणता येतं. सून मान वर करून माझ्याकडं बघेल असं वाटलं. ती माझ्याकडं बघेना. तिनं सांडशी घेतली, खिळा ओढून काढला आणि उजेडात धरला. टोकाला मोहरीएवढं लाल.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हा आत गेला. औषध द्या. हे भोक मी मोकळं ठेवते, बाकीच्या खिळ्यांवर नाल राहील."

मग उस्ताद म्हणाले, "भरा पेटी."

"औषध घालू दे आधी," सून म्हणाली. घोडीचा पाय तिनं सोडला नाही.

"बाई, मी नियम आधीच सांगितला होता."

"सांगितला होता," ती म्हणाली. "माझी तक्रार नाही. पाय तेवढा पुरा करू द्या."

तक्रार नव्हती म्हणे. माझी होती. मी कट्ट्यावरून उठले. गुडघे दुखत होते, खोटं नाही.

"उस्ताद," मी म्हटलं, "मी बावीस वर्षं हे काम केलं. नवऱ्याच्या नावानं, पण हात माझे. आणि आजपर्यंत सगळ्यांना सांगत आले की माझ्याकडून एकाही घोड्याला खिळा लागला नाही. ते खोटं आहे. अकरांना लागला."

फाटकाकडून एक शिंक आली आणि अर्धीच थांबली.

"त्यातले दहा मी लगेच काढले. रात उलटायच्या आत घोडी ठीक झाली, कोणाला पत्ताही नाही. अकराव्या वेळी आमच्या दारात मोठी गिऱ्हाइकं उभी होती. भद्द वाजलेलं मी ऐकलं. नवऱ्यानंही ऐकलं. मी पुढचा खिळा घातला. चौथ्या दिवशी घोडीचा पाय सुजला, पू झाला. मालक म्हणाला, सांभाळणाऱ्यानं खडीवरून पळवली. त्या माणसाला काढून टाकलं. बोचकं घेऊन आमच्या दारावरून गेला, आणि जाताना माझ्या नवऱ्याला नमस्कार करून गेला. मी आत कानस पुसत होते."

हे मी घरातल्या भिंतीलाही कधी सांगितलं नव्हतं. चाळीस घोड्यांसमोर सांगितलं.

उस्ताद म्हणाले, "मग तर झालंच. गुरूच असा."

"गुरू असाच," मी म्हटलं. "पण चेली बघा. तुम्ही ते भद्द ऐकलंत, उस्ताद. तुमची मिशी हलली. तिनं खिळा काढला नसता तर तुम्ही बोलला असतात का, की तिसऱ्या दिवसाची वाट बघत घोडीला तसंच उभं ठेवलं असतंत?"

त्यांनी मिशी दाबून धरली. मी डॉक्टरांकडं वळले. भले गृहस्थ, स्वतःचे बूट बघत होते.

"डॉक्टरसाहेब, वर्षभरात इथल्या किती घोड्यांच्या खुरातून पू काढलात?"

डॉक्टर खाकरले. मालकीणबाई म्हणाल्या, "सांगा."

"नऊ," डॉक्टर म्हणाले.

"कशानं झालं?"

"मला सांगितलं होतं, दगड लागला."

मी अंगणाकडं पाहिलं. दगडी फरशी, धुतलेली, कडेला चाळलेली रेती. "ह्यात एक खडा शोधून दाखवा," मी म्हटलं. "मी तो गिळते, पाण्याशिवाय."

उस्तादांचा चेहरा उतरला, आणि त्या वेळी मला त्यांची जरा कीव आली. तीस वर्षं तेही बिचारे भद्द ऐकून पुढचा खिळा घालत आले होते. नियम त्यांनीच केलेला, मग त्यातून बाहेर कसं येणार. मी मालकीणबाईंना म्हटलं, "बाई, ह्या नियमानं घोडे वाचत नाहीत, खिळे लपतात. खिळा सगळ्यांच्याच हातून लागतो. तो बाहेर काढून तोंडावर सांगणारा माणूस तुम्हाला हवा की नको, तेवढं ठरवा. नको असेल तर ही पेटी मी स्वतः भरते, आणि बाजारातली तट्टं तुमच्या घोड्यांपेक्षा सरळ चालतील."

मालकीणबाईंनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. मग सुनेला म्हणाल्या, "पाय पुरा कर. तीन दिवसांनी पळवू."

परत येताना मुलगा आमच्या मागून चालत होता. निम्म्या वाटेवर म्हणाला, "आई, मग बाबांनी बावीस वर्षं केलं काय?"

"गप्पा मारल्या."

"नुसत्या?"

"त्याही लागतात. घोडं शांत राहतं."

थोड्या वेळानं त्यानं सुनेच्या हातातली पेटी घेतली. दोनदा शिंकला, पण खाली ठेवली नाही.

सून मात्र माझ्याशी घरापर्यंत बोलली नाही. दारात म्हणाली, "अकरा होते तर मला एक का नाही सांगितलात? चार वर्षं मी प्रत्येक खिळ्याला घाबरत आले." मी वाकून चपला जागेवर लावत बसले. मुलगा घाईघाईनं चहा टाकायला गेला.

तीन दिवसांनी महाराणीला दगडी अंगणात सोडलं. सगळे तिच्या पायांकडं बघत होते. मी तिच्याकडं पाठ केली आणि डोळे मिटले. लंगडं घोडं डोळ्यांना फसवतं, कानाला नाही. टप टप, टप टप, टप टप. हौदापर्यंत गेली, वळली, परत आली. एकही ठोका हलका नव्हता. मी डोळे उघडले तेव्हा सून माझ्यासमोर होती. तिनंही अंगणाकडं पाठच केली होती.

उस्ताद जवळून जाताना म्हणाले, "बघू किती दिवस टिकते."

"बघा," सून म्हणाली. "आणि भद्द ऐकू आलं तर हाक मारा. तुमचं ऐकू आलं तर मी मारीन."

मग कचेरीत नेमणुकीचा कागद झाला. कारकून वाचत होता, मुलगा भरत होता. नाव, वय, पत्ता. पुढं रकाना होता, काम कोणाकडं शिकलात. मुलानं सवयीनं बापाच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. मग थांबला. ते अक्षर खोडलं आणि कागद माझ्यासमोर सरकवला.

कारकून शाईची डबी उघडत म्हणाला, "आजी, अंगठा इथं."

"अंगठा नाही," मी म्हटलं. "पेन द्या."

मी दुसरीपर्यंत शिकलेय. माझ्या नावाची अक्षरं खिळ्यांसारखी वाकडी आली, एक तर रकान्याबाहेर गेलं. कारकून म्हणाला, नवीन कागद देऊ का. मी म्हटलं, राहू दे, बाहेर आलं तेच बरं.