काठाचा टवका

विजयाच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी कुलदीपनं बापाला पहिली गोष्ट विचारली ती भांड्याची.

"बाबूजी, आईचं नारिंगी भांडं कोठी हाय? नैवेद्याची खीर त्याच्यातच झाली पाह्यजे."

गुणवंता अंगणात मांडवाची दोरी बांधत होता. पोरगा आणि सून तृप्ती आदल्या दिवशीच पुण्याहून आले होते.

"माळ्यावर असंन," तो म्हणाला. "गंजात करू ना खीर."

"गंजात कायले? आईचं लाडकं भांडं होतं ते."

लाडकं. गुणवंतानं गाठ जरा जास्तच ओढली, दोरी हातात रुतली.

चार वर्षांपूर्वी कुलदीपला नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातून त्यानं आईला हे भांडं पाठवलं होतं. बोरगावच्या घरात खोकं आणून ठेवताना कुरियरवाल्याला घाम फुटला. "काकाजी, दगडं मागवले का?" त्यानं विचारलं होतं. आत निघालं एक जाड बुडाचं, झाकणाचं भांडं. बाहेरून नारिंगी, आतून चहाच्या बशीसारखं पांढरं. संत्र्याच्या बागेवाल्यांचं घर, म्हणून पोरानं रंग मुद्दाम तो निवडला होता. किंमत सतरा हजार. विजयानं किंमत ऐकली आणि भांडं घासायलाही भ्यायली.

शेजारच्या देवकाबाईनं बोटानं वाजवून पाहिलं, बुडाखाली हात घातला. "हे तं बीड होय वं बाई! सौंसरच्या बाजारातली बिडाची कढई. वरून रंग मारला अन् सतरा हजार घेतले."

"पुण्यात चांगल्या घरी हेच वापरतात म्हणते कुलदीप."

"तिकडच्या बायाचे मनगटं मोठे, का नवरे उचलून देतात?"

दोघी पोट धरून हसल्या होत्या. गुणवंताही हसला होता.

भांडं वाईट नव्हतं. वालाचे दाणे त्यात लोण्यासारखे शिजत. गॅस बंद केला तरी भाजी कितीतरी वेळ गरम राही. पण रिकामंच सहा किलो. आणि धरायचे दोन कान इतके आखूड की फडकं घेतलं तर बोटं मावत नसत. जिनं जन्मभर जर्मनचे गंज, म्हणजे ॲल्युमिनियमची हलकी पातेली, सांडशीनं काठाला धरून उतरवले, तिनं दुसरं काय करावं? तिनं इथंही सांडशीच लावली. अर्धं भरलेलं असलं की जमून जाई. मग ती मनगट चोळत बसे, आणि पोराचा फोन आला की सांगे, "भल्लं चांगलं हाय रे बाळा. दुसऱ्या भांड्यात मनच लागत नाई."

मागच्या वर्षी संत्र्याचा तोडा चालू होता. तोडणाऱ्या बायांसाठी तिनं पातोड्यांचा रस्सा केला आणि भांडं काठोकाठ भरलं. बाया अजून बागेतच होत्या, गुणवंता दारात चपला काढत होता. त्याच्या डोळ्यांसमोर तिनं सांडशी लावली, भांडं उचललं, आणि त्या गुळगुळीत काठावरून सांडशी सटकली. भांडं रश्श्यासकट तिच्या उजव्या पावलावर आलं. काठाचा नखाएवढा टवका उडाला. भांड्याचं नुकसान एवढंच.

विजयाला साखर होती. आधी अंगठा काळा पडला, मग पाऊल. नागपूरला नेऊन गुडघ्याखालून पाय काढला, तरी विष वर चढायचं थांबलं नाही.

कुलदीप पुण्याहून निघाला म्हणून कळलं, तेव्हा तिनं गुणवंताचा हात धरला. "आयकता का जी. पोराले भांड्याचं सांगू नका. गरम पाणी घेऊन न्हाणीत घसरली म्हणा. त्याच्या पहिल्या कमाईचं हाय ते. जन्मभर स्वतःले खात बसंन तो. माही शपथ हाय तुमाले."

त्यानं मान हलवली. ती बोलून मोकळी झाली. हे खोटं कोणाच्या डोक्यावर जाऊन बसेल, ते तिनं पाहिलं नाही.

दवाखान्याच्या जिन्यातच कुलदीपनं बापाला धरलं. "न्हाणीतली फरशी बदला म्हणून किती वेळा सांगतलं होतं? पैसे पाठवतो म्हणलं होतं. तुमच्याजवळ बागेतल्या ठिबकले पैसे असतात, आईच्या न्हाणीले नसतात." तेरवीला तेच तो चार पाहुण्यांत बोलला. त्यानंतर त्याचे फोन आले ते आधी आठवड्यानं, मग महिन्यानं. "जेवले का?" एवढं विचारायचा आणि ठेवायचा. गावच्या बाया म्हणाल्या, विजया भाग्याची, सवाष्ण गेली. गुणवंता ऐकून घेत होता. बायकोचा पाय कापताना ज्यानं संमतीच्या कागदावर अंगठा उठवला होता, त्याला हे भाग्य कसं दिसावं?

आता त्यानं माळ्यावरून पोतं उतरवलं आणि भांडं पोरासमोर ठेवलं.

कुलदीपनं धूळ पुसली. काठावरून फिरता फिरता बोट थांबलं. पांढऱ्या काठावर काळं लोखंड दिसत होतं.

"हे काय? टवका कोणं उडवला?"

"पडलं."

"कोणाच्या हातून?"

"माह्या."

कुलदीप हसला, पण ते हसू नव्हतं. "आईनं तीन वर्षं जपलं. तुमाले एक वर्ष नाई जमलं. आजीवन टिकते हे भांडं, बाबूजी. आजीवन! तुमच्या हातात काई म्हणजे काईच टिकत नाई."

तृप्ती मधे पडली, "अहो, आजच्या दिवशी तरी नको."

गुणवंताच्या तोंडात शब्द आले. 'तुह्याच भांड्यानं नेली तुही माय.' दातांपर्यंत आले. एवढं बोललं असतं तर वर्षभराचं जिन्यातलं बोलणं, तेरवीचं बोलणं, सगळं एका दमात फिटलं असतं. पोरगा तिथंच खाली बसला असता. त्याला बसलेला पाहावा असं गुणवंताला वाटलं, हे खरं आहे. मग विजयाचा हात आठवला आणि तो मांडवाकडे निघून गेला.

मुलगी दीपाली पांढुर्ण्याहून आली तेव्हा चूल पेटली होती. ती पांढुर्ण्यात डबे करून देते. मागच्या वर्षापासून तिलाही साखर निघाली आहे. कुलदीपनं तिला दारातच बातमी दिली.

"तुह्यासाठी मागवलं मी. सेम आईसारखं, याच्याहून मोठं. डब्याचं काम हाय तुहं, कामी येईन."

दीपाली खूश झाली, पण जरा भ्यायलीही. अंगणात बापाजवळ येऊन बसली. "बाबूजी, तुमी खरं सांगा. दादाचं सोडा. एवढ्या पैशाचं भांडं घेण्यासारखं असते का? आई तं लय तारीफ करे."

गुणवंता वडाच्या पानांच्या पत्रावळी वेगळ्या करत होता. त्याचे हात थांबले.

"चांगलं शिजते त्याच्यात," तो म्हणाला. "पण भरलेलं उचलू नोको. कधीच नाई. ओगराळ्यानं दुसऱ्या गंजात काढ अन् मग रिकामं उतरव. अन् सांडशी लावू नोको. काठ गुळगुळीत असते. सटकते."

"बरं."

"बरं नोको म्हणू. सांडशी लावायची नाई, आयकलं का? खाली पाय असतात."

आवाज चढला तसं दीपालीनं वर पाहिलं. मग चुलीवरच्या भांड्याकडे. काठाचा काळा टवका इथूनही दिसत होता.

"हे कवा पडलं, बाबूजी?"

"तुही आई गेल्यावर."

"तेरवीले मी माळा झाडला. तवाच ते पोत्यात बांधलेलं होतं." ती हळू बोलत होती. "अन् आई होती तवर तुमी गॅसजवळ कवा उभे राह्यले? तुमाले चहा नाई येत होता."

गुणवंतानं पत्रावळ उचलली, झटकली, खाली ठेवली.

"आई न्हाणीत घसरली होती ना?"

"न्हाणीतच घसरली."

दीपालीनं पदर तोंडाशी नेला. तेवढ्यात कुलदीप आला.

"काय खुसुरफुसुर चालली बापलेकीची? रंग कोणता पाह्यजे सांग, अजून बदलता येते."

दीपालीनं तोंड उघडलं. गुणवंतानं तिच्याकडे पाहिलं. हात जोडले नाहीत, पण तसंच पाहिलं.

"मले नोको ते, दादा," ती म्हणाली. "जड हाय."

"जड! आई साठीले आली होती, तिनं वापरलं. तू काय तिच्याहून म्हातारी झाली?"

"मले नोको म्हणलं ना!" ती एवढ्या जोरात ओरडली की चुलीजवळच्या बाया वळल्या. मग ती उठून मागच्या अंगणात गेली. सगळ्यांना वाटलं, आईच्या आठवणीनं रडते.

कुलदीपला ते लागलं. "बाबूजीनंच भरवलं असंन काईतरी," तो तृप्तीला म्हणाला, बापाला ऐकू जाईल असं. मग फोन काढून बोटं फिरवली. "ठीक हाय. पत्ता बदलून इथलाच टाकतो. हे फुटकं भंगारात द्या अन् निदान नवं तरी सांभाळा."

खीर झाली, पान वाढलं. जेवून उठताना देवकाबाईनं भांड्याकडे बोट दाखवून म्हटलं, "कायबी म्हणा, विजयाच्या भांड्याची खीर वेगळीच." कुलदीपचे डोळे भरले. गुणवंता खिरीला शिवला नाही.

आठवड्यानं खोकं आलं. या वेळचा कुरियरवाला नवा पोरगा होता, काही बोलला नाही. गुणवंतानं खोकं ढकलत ढकलत खाटेखाली नेलं. तिथं जुनं भांडं होतंच. भंगारात घालायला त्याचा हात उठला नव्हता, आणि चुलीवर चढवायला तर नाहीच.

संध्याकाळी फोन वाजला. "भेटलं का, बाबूजी? उघडलं का?"

खाटेखालच्या खोक्याची पट्टी तशीच चिकटलेली होती.

"उघडलं," गुणवंता म्हणाला. "भल्लं चांगलं हाय रे बाळा. आज वाल शिजवले त्याच्यात."

पलीकडे कुलदीप किती तरी महिन्यांनी मोकळं हसला. "मी म्हणलं नव्हतं? जपून वापरा."

"हो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मग गॅसवरून जर्मनचा छोटा गंज सांडशीनं उतरवला आणि भात ताटात घेतला.