वजा बारदान

माझा काट्यावर विश्वास आहे, माणसांवर नाही. पोटापाण्याचा उद्योगच तो आहे. दुकानादुकानांतून वजनमापं तपासायची आणि काटा खोटा निघाला की त्याला सील ठोकायचं. मला फसवणारा काटा अजून जन्माला यायचाय, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगत असे. म्हणून घरातला काटा सात रविवार एकाच आकड्यावर ठाण मांडून बसला, तेव्हा माझ्या डोक्यात भुंगा शिरला.

आकडा होता एकोणसत्तर किलो चारशे ग्रॅम. बाळंतपणानंतरचे पहिले दोन महिने वजन शहाण्यासारखं उतरत होतं. मुलगी प्यायची आणि झोपायची, मी रविवारी सकाळी आरामात काट्यावर उभी राहायची आणि वहीत आकडा टिपायची. मग बाईसाहेबांना जगाची जाग आली. खाली ठेवलं की अशी किंचाळायची की खालच्या मजल्यावरचे लोक खिडकीतून वर बघायचे. त्यामुळे ती कायम कापडी झोळीत माझ्या छातीशी बांधलेली, आणि तिचं घरातलं नाव पडलं गाठोडं. नवरा पाण्याच्या पंपावर कामाला, रविवारी त्याची सकाळपाळी. तेव्हा मी गाठोड्यासकट काट्यावर चढायची आणि वजाबाकी करायची. तिचे पाच किलो चारशे, दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कार्डावर लिहिलेले, आणि झोळीचे तीनशे. एखाद्या रविवारी शंभर ग्रॅम इकडे, शंभर तिकडे, बाकी उत्तर तेच.

माझी एक खोड आहे. एखादी गोष्ट अडली की मला आधी वाईट वाटत नाही, आधी कुतूहल वाटतं. का अडली? पहिला संशय अर्थातच काट्यावर. ऑफिसच्या गाडीतून दहा-दहा किलोची सात प्रमाणित वजनं आणली. ड्रायव्हरकाकांनी ती तीन मजले चढवली आणि घाम पुसत विचारलं, "मॅडम, काटा खोटा निघाला तर घराला सील ठोकणार का?" काटा धुतल्या तांदळासारखा निघाला. सत्तर म्हणजे सत्तर.

मग मी स्वतःवर आले. एक आठवडा मीठ कमी केलं. एक आठवडा रात्रीचं जेवण संध्याकाळी सहाला उरकलं. झोपेचे तास लिहिले, पाण्याचे पेले लिहिले, जिना किती वेळा चढले ते लिहिलं. वही भरत आली, आकडा ढिम्म. नवऱ्याने वही चाळली आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, "केस काप. शंभर ग्रॅमची हमी माझी." मी त्याला उशी फेकून मारली.

पण खरं सांगायचं तर कुतूहलाच्या खाली भीती होती, आणि ती भीती आईची होती.

आई जवळच राहते आणि मी कामावर गेले की गाठोड्याला सांभाळायला येते. ती अंगाने भरपूर आहे. आमचे तीन मजले चढताना दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबते आणि तिथून वर हाक मारते, "तू झालीस आणि माझा काटा जो अडला, तो अडलाच!" मग हसते. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. पाहुण्यांसमोर ऐकलं, कपड्यांच्या दुकानात ऐकलं, माझ्या लग्नातसुद्धा ऐकलं. सगळे हसतात, मीही हसते. पण ती थांबली की दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडतो. मी जन्मले नसते तर ही बाई पळत जिना चढली असती, असं वाटतं. आणि आता माझा काटा अडला होता. उद्या मीही कुठल्यातरी जिन्यात थांबून गाठोड्याला हेच ऐकवणार, आणि तीही हसत हसत आत खड्डा पाडून घेणार. हे मला कोणत्याही परिस्थितीत नको होतं.

ऑफिसातली एक मैत्रीण रोज व्यायामशाळेत जाते. ती ठासून म्हणाली, "तू अंगावर पाजतेस ना, म्हणून शरीर चरबी धरून ठेवतंय. दूध तोड, डबा सुरू कर, आणि दोन महिने नुसत्या सूपवर राहा." मला ते पटलं नव्हतं, पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नव्हतं. दुधाच्या पावडरचा डबा आणून फळीवर ठेवला. ठरवलं, आठव्या रविवारी आकडा हलला नाही तर सोमवारपासून पाजणं बंद. मी कामावरून आले की गाठोडं माझ्या कुशीत शिरून पिता पिता माझं बोट घट्ट धरून ठेवायचं. दिवसभरात मला तेवढंच काय ते सुख होतं. डब्याकडे बघितलं की रडू यायचं, मग मी डबा उलटा फिरवून ठेवायची.

आठव्या रविवारच्या आदल्या दिवशी एका रंगाच्या दुकानात तपासणी होती. हा दुकानदार सुटा रंग वजनावर विकायचा. गिऱ्हाइकाने डबा घेऊन यायचं, नाहीतर दुकानातला जुना डबा घ्यायचा आणि मागाहून परत करायचा. जुन्या डब्यांवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, "बारदान १.२". म्हणजे भरलेला डबा तोलायचा आणि रिकाम्या डब्याचे एक किलो दोनशे वजा करायचे. काटा अगदी बरोबर होता. दुकानदार खूश होऊन माझ्यासाठी खुर्ची पुसायला लागला.

मी एक रिकामा डबा उचलला तो हाताला जड लागला. आत बघितलं तर वर्षानुवर्षांच्या वाळलेल्या रंगाचे थरावर थर. काट्यावर ठेवला. एक किलो नऊशे.

"हा डबा शेवटचा कधी तोललात?" मी विचारलं.

"तोलायचा कशाला, मॅडम? वर लिहिलंय की. एकदा तोललेला आहे."

"एकदा म्हणजे कधी?"

"नवा होता तेव्हा," तो म्हणाला. "आता डबा काय वाढतो का?"

मी नेहमीचं पाठ भाषण सुरू केलं. "अहो, सातशे ग्रॅम वाळका रंग तुम्ही गिऱ्हाइकाच्या माथी मारताय. बारदान दर वेळी तोलायचं असतं. जुना आकडा धरून वजाबाकी केली की..."

आणि तिथेच माझी वाचा बसली. दुकानदाराला वाटलं मला भोवळ आली, त्याने पाणी आणलं. ड्रायव्हरकाका गाडीतून उतरून धावत आले. मी म्हणाले, "काका, गाडी घरी घ्या. आधी घरी." बारा वर्षं ज्या गुन्ह्यासाठी मी लोकांना फैलावर घेतलं, तोच गुन्हा सात रविवार बिनबोभाट माझ्या घरात चालू होता आणि गुन्हेगार मीच होते!

घरी आई गाठोड्याला खांद्यावर टाकून खिडकीशी उभी होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. झोळी खुंटीला, मी एकटी काट्यावर. अडुसष्ट किलो शंभर. उतरले, पुन्हा चढले. अडुसष्ट शंभर. मग गाडीतला तपासणीचा काटा वर मागवला, त्यावर दुपटं घातलं आणि गाठोड्याला आडवं केलं. तिने घर डोक्यावर घेतलं, पाय झाडले, पण दोन क्षण दम घ्यायला थांबली तेवढ्यात आकडा स्थिरावला. दुपटं वजा जाता सहा किलो सातशे.

पाच चारशेची सहा सातशे झाली होती. तेराशे ग्रॅम. आणि माझे गेले होते तेराशे ग्रॅम! सात आठवडे मी दर रविवारी थोडी थोडी उतरत होते आणि ती तेवढीच चढत होती, आणि बेरीज हलत नव्हती म्हणून मी स्वतःला शिव्या घालत होते. मी तिला छातीशी धरलं, आणि हसू आणि रडू दोन्ही एकदम फुटलं.

"काय गं, बरी आहेस ना?" आई घाबरली.

मी तिला सगळं सांगितलं. मग माझी खोड उसळलीच. "आई, तुझा काटा अडला तेव्हा मीही तुझ्या कडेवर होते का गं? आठवून सांग. कोणत्या काट्यावर केलं होतंस वजन?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. "काटा? आपल्याकडे कुठला आलाय काटा? मी जन्मात कधी काट्यावर चढले नाही."

"मग ते रोज म्हणतेस ते?"

"ते आपलं म्हणायला."

मला राग आला, चांगलाच. "म्हणायला? मी ते खरं धरून चाललेय आई, लहानपणापासून. तू जिन्यात थांबलीस की मला वाटतं, हे माझ्यामुळे."

ती पलंगावर बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मला दम लागतो गं," ती शेवटी म्हणाली. "पहिल्यापासूनच लागतो, तू व्हायच्या आधीपासून. नुसतं थांबायला लाज वाटते. काहीतरी गमतीचं बोलत थांबलं की लोक हसतात, दमाकडे कोणाचं लक्ष जात नाही. तुझ्या मनाला लागत असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं."

मग ती उठली, गाठोड्याला माझ्याकडून घेतलं आणि आपणहून काट्यावर जाऊन उभी राहिली.

"बघ किती."

"आधी बारदान खाली ठेव."

"बारदान कुणाला म्हणतेस? माल आहे हा," ती म्हणाली आणि नातीला माझ्या हातात दिलं. मग डोळे मिटून उभी राहिली. "सांग. पण हळू सांग."

"एक्क्याऐंशी."

तिने डोळे उघडले. "एवढंच? मी तर शंभराच्या वर धरून चालले होते."

रविवारी मी वहीत अडुसष्ट शंभर लिहिलं आणि आधीच्या सात ओळींवर काट मारली. पावडरचा डबा नवऱ्याबरोबर दुकानात परत धाडला.

सोमवारी सकाळी मी गाठोड्याला पाजत बसले होते. जिन्यात आईची पावलं वाजली आणि दुसऱ्या मजल्यावर थांबली. मी त्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत राहिले.

"अगं," खालून आवाज आला, "दम लागलाय मला. खुर्ची आणतेस का?"

गाठोड्याला झोळीत बांधून मी खुर्ची घेऊन खाली गेले.