डावखुरी गाठ

घाट निम्मा चढून झाला आणि तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. कालमुर्झाने गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं, तर वाफेचा लोट थेट त्याच्या टोपीपर्यंत आला. इंजिन तापाने फणफणत होतं आणि रेडिएटरचा फॅन मात्र ढिम्म. पातं हलेल तर शपथ.

"मिर्लानचं काम," तो म्हणाला.

"झालं यांचं सुरू," मागच्या सीटवरून अनारकुल म्हणाली. तिच्याशेजारी रंगवलेला नवा पाळणा आडवा ठेवला होता. आज दुपारी नातवाला त्यात घालायचं होतं आणि पाळणा बाळाच्या आजोळहूनच यावा लागतो. घाटापलीकडे लेकीच्या सासरी पाहुणे जमले असणार. पाळणा वेळेवर पोचला नाही तर बोल लागणार तो लेकीला, बुरुलला, दुसऱ्या कुणाला नाही.

"अहो, जावई आहे तो आपला."

"म्हणून तर! मे महिन्यात गवत आणतो म्हणून गाडी कोण घेऊन गेलं? दहा दिवस कुणाच्या दारात होती? त्याचीही गाडी अशीच, याच सालची. माझा फॅन गेल्या पानगळीत नवा बसवलेला. काढला, स्वतःच्या गाडीला लावला आणि आपला जळका मला चिकटवला. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायची सोय नाही!"

सोय नाही म्हणत, गाडी मागे वळवून, तो उतारभर बोलतच राहिला. संशय हा कालमुर्झाचा जन्मजात आजार. मेंढ्यांच्या कानाला खूण करावी तशी त्याने गाडीच्या एकेका भागाला लाल रंगाची खूण केलेली होती. जॅकला, स्टेपनीला, बॅटरीला, फॅनच्या मोटरलासुद्धा. घरात कुमिसच्या, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, पिशवीची दोरीही तोच बांधायचा. तो डावखुरा, त्यामुळे त्याची गाठ उलटी पडे. दुसऱ्या कुणी सोडून बांधली की याला लगेच कळे. असल्या माणसाचा जावई होणं म्हणजे रोज झडती देणं.

थांबत, थंड करत, बाटलीतलं पाणी पाजत त्यांनी गाडी पायथ्याशी परत आणली. तिथे मालवाहू लोखंडी डब्यात झापार उस्ताचं गॅरेज होतं. झापारने फ्यूज उपसला, उन्हात धरून पाहिला.

"फ्यूज शाबूत आहे."

"म्हणजे फॅनच बदललाय!"

"अक्साकल, दाढी पांढरी झाली तरी दम नाही तुम्हाला. बघू तर द्या." झापार वायरी आणायला आत गेला.

कालमुर्झाने मात्र फोन लावला. बुरुलने उचलला. मागे बायकांचा हसण्याचा आवाज येत होता.

"तुझ्या नवऱ्याला सांग, माझा फॅन गुमान परत कर म्हणावं. चोराच्या घरात माझा पाळणा येणार नाही."

"बाबा..." एवढंच ऐकू आलं. मग मिर्लान बोलला, "बाबा, कुठं आहात? झापार उस्ताकडं? थांबा तिथंच. मी आलो."

"ऐकलंस?" कालमुर्झाने बायकोकडे वळून मांडीवर थाप मारली. "एका शब्दानं नाही म्हणाला नाही! चोराच्या मनात चांदणं."

"सासऱ्याला उलट बोलायचं नसतं, हे लग्नाच्या दिवशी तुम्हीच त्याला ऐकवलंत," अनारकुल म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

झापारने बॅटरीपासून दोन वायरी थेट फॅनला लावल्या. फॅन घोंघावत सुटला. थांबला तेव्हा मोटरवर लाल खूण लख्ख दिसत होती.

"तुमचीच ना?"

"माझीच," कालमुर्झा नाखुशीने म्हणाला. "मग रिले बदलला असणार."

झापारने फॅनचा रिले, वीज सोडणारी ती डबी, काढून भोंग्याच्या रिलेच्या जागी बसवला. भोंगा असा कोकलला की डब्यावरची कबुतरं उडाली.

"रिलेही चांगला आहे."

"मग वायर कापलीय! बघ, आत कुठंतरी कापलीय!"

झापार कुशीवर आडवा होऊन गाडीखाली सरकला. रेडिएटरच्या बुडाशी एक स्विच असतो. पाणी तापलं की तो फॅन चालू करतो. त्याच्याकडे जाणारी वायर झापारने बोटांनी चाचपली. वायर कापलेली नव्हती. पण स्विच बोडका होता आणि वायरीच्या टोकाचा प्लग नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीच्या, तुकड्यात गुंडाळून दोऱ्याने वर बांधून ठेवला होता.

झापार पुडकं घेऊन बाहेर आला. "हे कुणाचं?"

कालमुर्झाने दोरा पाहिला. गाठ उलटी पडलेली होती.

डिसेंबर. उणे तीस. इंजिन गारठू नये म्हणून त्याने रेडिएटरपुढे नमदा लावला होता आणि फॅनने वारा घालू नये म्हणून प्लग उपसून ठेवला होता. मार्चमध्ये नमदा काढला. प्लग राहिला. सपाटीच्या रस्त्यावर वाऱ्यानेच भागलं, मेमध्ये मिर्लानने घाट ओलांडला तो रात्रीच्या गारठ्यात, भर उन्हातला घाट आजच लागला.

"थंडीत फॅन मुळात फिरतच नाही," झापार म्हणाला. "दरसाल सांगतो. पण सगळं खोरं हिवाळ्यात प्लग उपसतं, आणि वसंतात निम्मे विसरतात."

कालमुर्झाने पुडकं खिशात कोंबलं. झापारने प्लग बसवून इंजिन तापवलं. काटा थोडा चढला तोच फॅन आपणहून सुरू झाला. तो झापारने बंद केला तेवढ्यात शेजाऱ्याच्या जीपमधून मिर्लान उतरला. समारंभाचा पांढरा सदरा, छातीवर वंगणाचे डाग आणि पोटाशी धरलेला फॅन. स्वतःच्या गाडीतून उपसून आणलेला.

"बाबा, माझी चूक झाली," खाली बघत तो म्हणाला. "हा लावा. पाळणा पोचू दे."

झापार हात पुसत राहिला. आता नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. जावयाने आयुष्यभर ते पोटात ठेवलं असतं. कालमुर्झाला हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

"तू काढला होतास माझा?"

मिर्लान घुटमळला. "नाही."

"मग चूक कसली?"

"बुरुल रडत होती."

कालमुर्झाने तो फॅन हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. त्यावर कुठेही, कसलीही खूण नव्हती. मग त्याने खिशातलं पुडकं काढून जावयाच्या तळहातावर ठेवलं.

"ही गाठ बघ. अशी उलटी गाठ या खोऱ्यात मी एकटाच बांधतो. मला माफ कर, पोरा."

मिर्लानने मान वर केली. कालमुर्झाने गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि पुन्हा फोन लावला.

"बुरुल, चोर सापडला. तुझा नवरा नव्हे. त्या डावखुऱ्या चोराला मिर्लानच पाळण्याबरोबर घेऊन येतोय, तुझ्या आईशेजारी बसवून. पाहुण्यांसमोर तोंडानं कबूल करेल."